फुग्यावरच्या नळ्या : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

३ जून, सोमवार

आजपासून प्रकल्प सुरू. मॅडमनी काम एका दमात सांगितलं: "माशीच्या अँफिफायसिनचा एन-बार भाग बनव, लिपिडच्या फुग्यांवर टाक, नळ्या निघतात का बघ. निघाल्या तर कशामुळे निघाल्या ते सांग." फ्रीजरमध्ये आधीच्या विद्यार्थ्याने ठेवलेला प्लाझ्मिड (त्या प्रथिनाचा जनुक असलेलं डीएनएचं कडं) आहे, डबीवर अक्षर लागत नाही इतकं पुसट.

विषय माझ्यापुरता मांडून ठेवते. पेशीचं पटल म्हणजे लिपिडच्या रेणूंचे दोन थर, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, जाडी ४-५ नॅनोमीटर. एकटं सोडलं तर ते सपाटच राहू बघतं. पेशीत मात्र सपाट पटल फार थोडं. चेतापेशीच्या टोकाला ४० नॅनोमीटरच्या आसपासच्या पुटिका, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्या, खच्चून भरलेल्या, स्नायूंत टी-नलिकांचं जाळं, गॉल्जीच्या चवडी. हे वाकवायचं काम मुख्यतः प्रथिनं करतात.

आमच्या प्रथिनाचा, म्हणजे अँफिफायसिनचा, 'बार' भाग तीन नावांच्या आद्याक्षरांवरून ओळखला जातो: बिन, अँफिफायसिन, आरव्हीएस. २००४ साली केंब्रिजमधल्या एमआरसीच्या प्रयोगशाळेत हार्वी मॅकमहन यांच्या गटाने माशीच्या अँफिफायसिनची स्फटिकरचना काढली. दोन रेणू एकमेकांना बिलगून केळ्यासारखा आकार होतो. केळ्याच्या आतल्या बाजूला धनभार, पटलाच्या पृष्ठभागावर ऋणभार. त्या वाकाचं पूर्ण वर्तुळ केलं तर व्यास साधारण २२ नॅनोमीटर येतो. चित्र इतकं पटण्यासारखं आहे की मला तिथेच संशय आला. मॅडमना बोलले नाही.

६ जून

दिवसभर गणित. १९७३ साली वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी पटल वाकवायला किती ऊर्जा लागते याचं सूत्र मांडलं. हेच हेल्फ्रिख त्याच्या थोडं आधी, पुढे मनगटी घड्याळांत आणि कॅल्क्युलेटरमध्ये आलेल्या एलसीडीच्या शोधातही होते. द्रवस्फटिक वाकवणं हाच धागा दोन्हीकडे आहे, पण मला आज कळेपर्यंत हे दोन वेगळे हेल्फ्रिख वाटत होते.

वाकायला विरोध किती, याचं माप साध्या लिपिडसाठी सुमारे २० केटी. केटी म्हणजे तापमानामुळे रेणूंना सतत बसणाऱ्या धक्क्यांचं माप. सपाट पटलातून बंद गोल पुटिका करायला ८ गुणिले पाय गुणिले २०, म्हणजे ५०० केटी लागतात. त्रिज्या सूत्रातून गळूनच जाते. पुटिका मोहरीएवढी करा नाहीतर कलिंगडाएवढी, खर्च तेवढाच. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन; एक एटीपी फुटला की साधारण २० केटी मिळतात, म्हणजे एका पुटिकेला पंचवीसेक एटीपींचा खर्च. फार नाही, पण फुकटही नाही.

नळीचं तसं नाही. तिचा खर्च लांबीबरोबर वाढतो आणि नळी बारीक होईल तसा चढतो. २० नॅनोमीटर त्रिज्येची नळी नुसती ओढून धरायला सुमारे २५ पिकोन्यूटन जोर लागतो. हा जोर आमच्या प्रथिनाने लावायचा आहे, आणि तेही एटीपी न वापरता, फक्त चिकटून.

कसा लावेल? वाचलेल्यातून तीन वाटा दिसतात. एक पाचर: प्रथिनाचं एक टोक, एका बाजूने तेलकट आणि दुसऱ्या बाजूने पाणीप्रेमी असं सर्पिल, लिपिडच्या वरच्या थरात घुसतं. वरचा थर पसरतो, खालचा तेवढाच राहतो, पटल वाकतं. दुसरी सेंटरिंग: कमानीखाली जसा लाकडी साचा लावतात तसा केळ्याचा साचा पटलाला. आमच्या एन-बारमध्ये पाचरही आहे आणि सेंटरिंगही. तिसरी वाट गर्दीची, पण ती मी आज दोन ओळींत वाचून पान उलटलं.

१२ ते २१ जून

प्रथिन. जिवाणूत प्लाझ्मिड, १८ अंशांवर रात्रभर वाढ. पहिल्या रात्री वीज गेली, जनरेटर लागला पण शेकर आपणहून परत सुरू झाला नाही. सकाळी फ्लास्कच्या तळाशी जिवाणूंचा गाळ. लॅबमधले काका म्हणाले, "ताई, त्याला परत बटण दाबावं लागतं." हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नाही. आता शेकरवर चिठ्ठी लावली आहे.

दुसऱ्या वेळी मिळालं. प्रथिनाला सहा हिस्टिडीनची शेपटी आहे, तिला निकेलच्या कॉलमवर अडकवायचं. जेलवर ३० किलोडाल्टनच्या जरा खाली ठसठशीत पट्टा. मी खूश. ताईने (आमची पीएचडीवाली सीनियर) २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर विचारलं. १.१ होतं. शुद्ध प्रथिनाचं ०.६ च्या आसपास असायला हवं. म्हणजे जिवाणूचा डीएनए-आरएनए धनभारित केळ्याला चिकटून आला होता. पटलाला चिकटायची जी जागा, तीच त्यांनी अडवलेली. एक मोलर मिठाने धुतलं तेव्हा ०.६४ वर आलं.

ताईने यावरून एंडोफिलिनची गोष्ट सांगितली. तेही बार घराण्यातलंच. १९९९ साली असं मांडलं गेलं की एंडोफिलिन लिपिडची रासायनिक रचनाच बदलतं आणि त्यामुळे पटल वाकतं. अगदी सुंदर कल्पना. २००५ मध्ये मॅकमहन यांच्याच गटाने दाखवलं की ती रासायनिक क्रिया एंडोफिलिनची नव्हती, शुद्धीकरणात सोबत आलेल्या दुसऱ्या कशाची तरी होती. "म्हणून गुणोत्तर विचारते," ताई म्हणाली.

शेवटी १,००,००० जीवर (गुरुत्वाच्या लाखपट जोराने) फिरवून गुठळ्या काढल्या, छोट्या छोट्या नळ्यांत भरून उणे ८० मध्ये.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. अर्धे रस्ते बंद, लॅबला पोचायला दीड तास. लिपिडचं पार्सल गेटवर कोरड्या बर्फात आलं होतं, पण घ्यायला कुणीच नव्हतं. बर्फ संपत आलेला, बाटल्या अजून गार. क्लोरोफॉर्ममधलं लिपिड काचेच्याच सिरिंजने हाताळायचं, कारण प्लास्टिकच्या टिपमधली द्रव्यं क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात आणि मग फुगे कशाचे बनले ते देवच जाणे.

४ जुलै

फुगे जमले नाहीत. नुसते गोळे.

५ जुलै

परत गोळे.

९ जुलै

पद्धत १९८६ ची, बल्गेरियातल्या मिग्लेना अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांची. विद्युतवाहक लेप दिलेल्या दोन काचांवर लिपिडचा पातळ थर सुकवायचा, मध्ये साखरेचं पाणी भरायचं आणि १० हर्ट्झचा हलका विद्युतप्रवाह सोडायचा. थर सोलून निघतो आणि दहा-वीस मायक्रोमीटरचे फुगे तयार होतात. पेशीएवढे, पण आत पाण्याशिवाय काही नाही.

माझे गोळे पावसाने केले. काचेवरचा लिपिडचा थर हवेतली ओल ओढत होता, आणि मी तो बाकावर सुकवत होते. आज थर रात्रभर निर्वातात ठेवला, बाहेर काढून लगेच साखरेचं पाणी ओतलं. दोन तासांत फुगेच फुगे.

मिश्रण: ७० टक्के उदासीन लिपिड, ३० टक्के ऋणभारित. चमकायला थोडं रोडामीन हा रंग लावलेलं लिपिड. ताईने तिच्या मिश्रणातलं ५ टक्के निकेलवालं लिपिडही घालायला सांगितलं. हिस्टिडीनची शेपटी त्याला अडकेल, म्हणजे प्रथिन हमखास चिकटेल. (हे वाक्य पुढे लाल शाईने अधोरेखित केलं आहे.)

सूक्ष्मदर्शकाखाली फुगा स्थिर नसतो. त्याचा काठ थरथरत असतो, वाऱ्यावर चादर हलावी तसा. हे तेच केटीचे धक्के. सूत्रात वाचलेला आकडा डोळ्यांना हलताना दिसला. अर्धा तास काहीच न मोजता बघत बसले.

१६ जुलै, मंगळवार

निघाल्या!

२ मायक्रोमोलर प्रथिन कडेने सोडलं. दीड मिनिटात एका फुग्याच्या काठावर केस उगवल्यासारखं झालं, मग शेजारच्यावर, मग सगळीकडे. काही नळ्या फुग्याच्या व्यासापेक्षा लांब. एक फुगा तर पूर्ण उसवून गेला, नुसत्या नळ्यांचा गुंता उरला. व्हिडिओ आईला पाठवला. तिचं उत्तर: "कुरडया घातल्यास का?"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "प्रथिनाशिवाय?" तो प्रयोग केलाच नव्हता.

१८ जुलै

काल एकादशी आणि मोहरम, लॅब जवळपास रिकामी, मेसमध्ये साबुदाणा. आज नियंत्रण प्रयोग. प्रथिनाऐवजी नुसता बफर घातला. दहा मिनिटं काही नाही, तेव्हा हुश्श केलं. चाळीस मिनिटांनी नळ्या दिसल्या.

ऑस्मोमीटरवर (द्रावणात विरघळलेले कण किती ते मोजणारं यंत्र) थेंब मोजला. सुरुवातीला ३०१ होता, आता ३३८. एसीच्या कोरड्या हवेत उघड्या थेंबातलं पाणी उडत होतं. बाहेरचं द्रावण घट्ट झालं की फुग्यातून पाणी बाहेर येतं. आतलं पाणी कमी झालं, पटल मात्र तेवढंच. हे उरलेलं पटल कुठेतरी जायला हवं, आणि नळी ही त्याला सोपी जागा. वजन उतरल्यावर सैल पडलेल्या कातडीसारखं.

यातल्या पुष्कळ नळ्या फुग्याच्या आत गेलेल्या होत्या. प्रथिन बाहेरून चिकटत असेल आणि त्याच्या बाजूने पटल फुगवत असेल तर नळी बाहेर यायला हवी. १६ तारखेचे व्हिडिओ परत लावून पाहिले: बहुतेक बाहेरच्या, पण सगळ्या नाहीत. त्या दिवशी आनंदात आत-बाहेर बघायचं सुचलंच नव्हतं.

यापुढे कप्पा ग्रीसने बंद करायचा, वर झाकणकाच, आणि प्रत्येक प्रयोगाच्या आधी नि नंतर ऑस्मोमीटर. शिवाय काचेला केसीनचा लेप, नाहीतर फुगे काचेला चिकटून फुटतात.

३० जुलै

हा दिवस नीट लिहायला हवा.

बंद कप्प्यात बफरने नळ्या येत नाहीत, हे तीनदा तपासलं. एन-बारने येतात. तरी मॅडम म्हणाल्या, "हिस्टिडीनची शेपटी असलेलं, पण वाकवण्याशी काही संबंध नसलेलं प्रथिन टाक." फ्रीजरमध्ये हिरवं चमकणारं जीएफपी होतं, त्याच शेपटीचं. जीएफपी म्हणजे पिंपासारखा गोल रेणू. त्यात ना पाचर, ना केळं. पटलाला काही करायचं त्याला कारणच नाही. वेळ वाया जाणार म्हणून मी कुरकुरले.

जीएफपीनेही नळ्या काढल्या. बाहेरच्या बाजूला, हिरव्यागार, लांब.

संध्याकाळी ती पान उलटलेली तिसरी वाट काढून वाचली. २०१२ साली जीन स्टॅकोविएक आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं: पटलाच्या एका बाजूला प्रथिनांची पुरेशी गर्दी झाली की, प्रथिन कोणतंही असो, ती एकमेकांना आदळतात आणि त्या धक्क्यांचा दाब पटलाला वाकवतो. त्यांच्या प्रयोगांत पृष्ठभागाचा सुमारे २० टक्क्यांहून जास्त भाग झाकला गेला की वाकणं सुरू झालं. दाराशी उभ्या लोकांना लोकलमध्ये कुणी मुद्दाम ढकलत नाही, तरी डोंबिवलीला चढू पाहणारे चारजण आत शिरू शकत नाहीत. दाब असतोच. पटल बाहेर वाकलं की बाहेरच्या बाजूला थोडी जास्त जागा होते, तेवढाच प्रथिनांना श्वास घ्यायला वाव.

आणि ती गर्दी केली कुणी? मी. निकेलचं लिपिड घालून. त्याने प्रथिन हमखास चिकटलं, भरपूर चिकटलं, आणि नेमकं त्यामुळेच १६ जुलैच्या नळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. त्यात केळ्याचा वाटा असेलही. पण केळं नसतं तरी नळ्या निघाल्या असत्या.

मॅडमना सांगितलं तेव्हा वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "चला, आता खरा प्रश्न मिळाला."

६ ऑगस्ट

निकेलचं लिपिड बंद. प्रथिनाची हिस्टिडीनची शेपटी एंझाइमने कापली, कापलेला भाग परत निकेल कॉलमवर अडकवून वेगळा केला. आता प्रथिनाने पटलाला धरायचं ते फक्त स्वतःच्या भाराने आणि पाचरीने.

०.३ मायक्रोमोलर: काही नाही. १: तुरळक. ३: जवळपास प्रत्येक फुग्यावर, सगळ्या बाहेरच्या. कापलेलं जीएफपी: चिकटतच नाही, पटल काळंच.

बाहेरच्या द्रावणात मीठ आहे याचाही हिशोब धरायला हवा. मीठ वाढवलं की भारांची ओढ झाकली जाते आणि प्रथिन सुटतं. १५० मिलिमोलर मीठ म्हणजे ऑस्मोमीटरवर ३०० च्या जवळ, कारण सोडियम आणि क्लोराइड वेगवेगळे मोजले जातात. हे मला बारावीपासून माहीत आहे. तरी पहिलं द्रावण चुकलंच.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. घरी बसून वाचन, कुठल्याही क्रमाशिवाय.

अँफिफायसिनला नेहमी चेतापेशीतल्या पुटिकांशी जोडतात. १९९९ मध्ये पिएत्रो दे कमिली यांच्या गटाने दाखवलं की ते लिपिडच्या फुग्यांच्या नळ्या करतं, आणि डायनामिन (पुटिका कापून सुटी करणारं प्रथिन) ज्या ठिकाणी नळीचं तोंड आवळतं तिथे तेही हजर असतं. पण फळमाशीत अँफिफायसिन काढून टाकलं तर चेतापेशी बिनतक्रार चालतात. २००१ सालचं हे काम. माशीला उडता मात्र येत नाही, कारण तिच्या स्नायूतल्या टी-नलिका विस्कटतात. माणसातही या प्रथिनाच्या भावंडातला, बिन-१ मधला दोष स्नायूंचा एक जन्मजात आजार घडवतो. म्हणजे मी जी नळी काचेवर काढते आहे तिचं खरं घर मेंदूपेक्षा दंडात आणि पोटरीत जास्त असावं.

डायनामिनचं वाचताना माशीचा एक उत्परिवर्ती भेटला. तापमान २९ अंशांच्या वर गेलं की माशी लुळी पडते, खाली आलं की उठून चालू लागते. डायनामिन गरमीत काम सोडतं, पुटिका तुटून सुटत नाहीत, चेतापेशीकडचा साठा संपतो. नाव जपानी, अर्थ बधिर होणं. देवनागरीत लिहिलं की होतं 'शिबिरे'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रक्तदानाचीच आठवण झाली.

२२ ऑगस्ट

पाचर काढलेलं प्रथिन तयार. एन-बारमधलं पुढचं सर्पिल उडवलं, राहिलं नुसतं केळं. ३ मायक्रोमोलरवर नळ्या खूपच कमी. वहीत लिहिलं, "पाचर महत्त्वाची." मग खोडलं.

कारण पटलावर प्रथिनच कमी दिसत होतं. पाचर हा नुसता वाकवणारा भाग नाही, ती पटलात रुतते म्हणून प्रथिन टिकतं. पाचर काढली म्हणून वाकवण्याची ताकद गेली की पाचर काढली म्हणून मुळात चिकटलंच कमी? द्रावणात प्रथिन सारखं घालून तुलना करणं निरर्थक आहे. पटलावर प्रति चौरस मायक्रोमीटर किती रेणू बसले ते सारखं असलं पाहिजे. आतापर्यंतचे माझे सगळे आलेख चुकीच्या अक्षावर आहेत.

२९ ऑगस्ट

रेणू मोजायची सोय. प्रथिनावर हिरवा रंग जोडला. तोच रंग लावलेलं लिपिड ठरावीक प्रमाणात घालून वेगळे फुगे केले. एका लिपिडने किती जागा अडवली ते माहीत आहे, त्यामुळे चमक मोजून रेणूंची संख्या काढता येते. रंग प्रथिनावर आणि लिपिडवर सारखाच चमकत नाही, त्याची दुरुस्ती द्रावणात मोजून करायची. कंटाळवाणं काम, तीन दिवस गेले, वर्णन करण्यासारखं काही नाही.

रात्री सव्वासात ते साडेनऊ मोजणी बंद. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला आहे. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाला हादऱ्यांपासून वाचवणारा हवेचा सिलेंडर संपलेला, त्यामुळे टोलाबरोबर फुगे चौकटीत नाचतात. फुग्याची थरथर मोजायची तर ती केटीची हवी, ढोलाची नको. सिलेंडरची मागणी दिली आहे.

११ सप्टेंबर

गणपतीत काम मंद, तरी निकाल महत्त्वाचा.

सैल फुगे, पूर्ण एन-बार: प्रति चौरस मायक्रोमीटर हजार रेणूंच्या खाली एकाही फुग्यावर नळी नाही. तीन हजारांच्या वर जवळपास सगळ्यांवर. मधल्या पट्ट्यात फुगा आणि नशीब.

मग बाहेरचं द्रावण १० मिलिऑस्मोलने पातळ केलं. पाणी आत शिरलं, फुगे टणक झाले, काठाची थरथर थांबली. आता तेच प्रथिन, तीन हजारांच्या वरची तीच दाटी, आणि एकही नळी नाही. पटल काठोकाठ हिरवं चमकतंय, पण गुळगुळीत. एका फुग्यातून नंतर थोडं पाणी गळलं असावं, त्याचा काठ हलायला लागला आणि तेवढ्या एकाच फुग्याला केस फुटले.

म्हणजे प्रथिन बसलं म्हणून पटल वाकलंच असं नाही. ताणलेल्या पटलाकडे नळीसाठी जादा कापडच नसतं. २०१५ साली शी आणि बाउमगार्ट यांनी एंडोफिलिनवर हे शिस्तीत मोजलं आहे: ताण वाढला की नळीसाठी लागणारी दाटीही वाढते. मी तेच ओबडधोबड परत पाहिलं. तरी आपल्या डोळ्यांनी पाहण्यात मजा वेगळी.

२४ सप्टेंबर

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दुसऱ्या इमारतीत, तीन आठवड्यांपूर्वी नंबर लावलेला. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात नळी दिसते ती तिच्या खऱ्या रुंदीने नाही. दोन-अडीचशे नॅनोमीटरच्या आतलं सगळं सारखंच जाड दिसतं. आतापर्यंत मी फक्त 'नळी आहे की नाही' मोजत होते, 'किती बारीक' हे मला दिसतच नव्हतं.

युरेनिलचा रंग देऊन जाळीवर पाहिलं. एन-बारच्या नळ्या बहुतेक ३० ते ५० नॅनोमीटरच्या आणि लांबवर एकसारख्या. जुन्या बॅचच्या, निकेलवाल्या जीएफपीच्या नळ्या वेड्यावाकड्या, कुठे ३० तर कुठे ९०, मण्यांच्या माळेसारख्या. गर्दी पटलाला वाकवते, पण किती वाकवायचं ते ठरवत नाही. केळ्याला स्वतःचं माप आहे. प्रकल्पात पहिल्यांदा केळ्याच्या बाजूने स्वच्छ पुरावा मिळाला, आणि तो नळी निघते की नाही यात नव्हता, तिच्या एकसारखेपणात होता. एकाच दिवसाचे फोटो, एकाच जाळीवरचे. परत करायला हवं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा. काकांनी आजच सेंट्रीफ्यूज, शेकर आणि सूक्ष्मदर्शकाला झेंडूची फुलं वाहिली. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरून परागकण पुसायला वीस मिनिटं. शेकरवरची माझी चिठ्ठी अजून आहे, तिलाही कुंकू लागलंय.

पाचर काढलेल्या प्रथिनाचा हिशोब आता योग्य अक्षावर. त्याला पटलावर दाटी करायला द्रावणात कितीतरी जास्त घालावं लागतं. पण एकदा दाटी सारखी केली की नळ्या निघतात. सुरुवात थोड्या जास्त दाटीला होते, फार नाही. माझं आजचं मत: आमच्या परिस्थितीत पाचरीचं मोठं काम पकडून ठेवण्याचं, वाकवण्यात तिचा वाटा आहे पण दुय्यम. ताईला हे पटत नाही. ती म्हणते, दाटीची मोजणी त्या टोकाला २० टक्क्यांनी चुकत असेल तर माझा निष्कर्ष उलटेल. तिचं बरोबर आहे, आणि चूक तेवढी असू शकते.

पूर्ण अँफिफायसिनही बघायला हवं. आम्ही कापून घेतलेल्या तुकड्याच्या पुढे एक लांब, सैल, आकार नसलेला भाग असतो. तो लावला की नळ्यांऐवजी पटलाचे तुकडे पडतात, असं २०१९ मध्ये स्टॅकोविएक यांच्याच गटाने दाखवलं. सैल शेपटीची गर्दी केळ्याच्या साच्यावर बसते आणि नळी तुटते. सेंटरिंग आणि गर्दी एकाच रेणूत. माझ्या वहीतली नावं वेगवेगळी आहेत, रेणूला ती माहीत नाहीत.

२२ ऑक्टोबर

इथेच पुण्यात आयसरमध्ये थॉमस पुकाडियिल यांच्या गटाने काचेवर पटलाच्या बारीक नळ्या आधीच आडव्या पसरून ठेवायची पद्धत बसवली आहे, त्यावर प्रथिन सोडून नळी कशी कापली जाते ते थेट बघतात. मॅडम म्हणतात, पाचरीचा प्रश्न तशा नळ्यांवर जास्त स्वच्छ सुटेल, कारण वक्रता आधीच दिलेली असते आणि फुग्याच्या सैलपणाचा घोळ राहत नाही. पुढच्या विद्यार्थ्यासाठी हे काम.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सामान सुपूर्द. उणे ८० चा दुसरा कप्पा, निळा डबा: एन-बार ११ नळ्या, पाचर नसलेलं ६, जीएफपी ४. तिन्ही शेपटी कापलेली, झाकणावर तारीख आणि २६०/२८० लिहिलं आहे. निकेलच्या लिपिडची बाटली उणे २० मध्ये वेगळ्या पिशवीत ठेवली, पिशवीवर लिहिलं: "वापरण्याआधी ३० जुलैची नोंद वाचा." प्लाझ्मिडच्या डबीवर नवीन लेबल, पेन्सिलीने, म्हणजे पुसणार नाही.

टेबलाचा हवेचा सिलेंडर आज आला.